वाचकांचे प्रश्न : जुन्या मियाटाला शर्यतीसाठी तयार करताना

प्रश्न : मी मूळचा सांगलीचा असून गेली अनेक वर्षे कॅलिफोर्नियात फ्रीमाँट येथे राहतो. २०११ साली मी १९९१ची माझदा मियाटा ही छोटी दोन-आसनी गाडी सेकंडहँड घेतली. १.६ लिटरचे इंजिन, पाच गिअर, कापडी छत, मूळचा रंग, गंज कुठेही नाही आणि मीटरवर आता एक लाख बेचाळीस हजार मैल, अशी तिची आजची स्थिती आहे. गेल्या दोन वर्षांत मी मोकळ्या वाहनतळावर शंकू मांडून होणाऱ्या ऑटोक्रॉसमध्ये सहा वेळा भाग घेतला. थंडरहिलच्या ट्रॅकवरही दोन दिवस गाडी चालवली, पण ती मित्राची होती, कारण माझ्या गाडीला रोल बार (गाडी उलटली तर डोके वाचवणारी सीटमागची कमान) नाही. आता हौशी शर्यतीत उतरावे असे मनापासून वाटते. एक मित्र टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबून शक्ती वाढवणारे यंत्र) बसव म्हणतो, दुसरा १.८ लिटरचे इंजिन घाल म्हणतो, तिसरा आतले सगळे काढून पूर्ण रोल केज वेल्ड करून घे म्हणतो. माझ्याकडे त्यासाठी साधारण बारा हजार डॉलर आहेत. मुलीला पुढच्या वर्षी याच गाडीवर गिअर टाकायला शिकवावे, अशी पत्नीची इच्छा आहे. सुरुवात कोठून करावी? (एक वाचक, फ्रीमाँट)

उत्तर : मुलीला गिअर शिकवण्याचे आपले वाक्य मी दोनदा वाचले, कारण तिन्ही मित्रांच्या सल्ल्यांचा निम्मा निकाल त्या एका वाक्यातच लागतो. ही गाडी रस्त्यावर राहणार असेल तर पूर्ण रोल केजचा विचार आपण सोडून द्यावा. केजच्या, म्हणजे गाडीच्या आत चहूबाजूंनी बसवलेल्या पोलादी पिंजऱ्याच्या, नळ्या चालकाच्या डोक्यापासून काही इंचांवर येतात. अंगावर शर्यतीचा हार्नेस आणि डोक्यावर हेल्मेट असते तेव्हा त्या जीव वाचवतात. पण रस्त्यावर साध्या पट्ट्यात, हेल्मेटशिवाय बसलेल्या माणसाचे डोके बाजूने बसलेल्या मध्यम धक्क्यातही त्याच पोलादावर आपटू शकते. नळ्यांवर स्पंज गुंडाळला तरी हा धोका जात नाही. त्या सीटवर आपली मुलगी बसणार आहे.

आता शर्यत कोणती, हे ठरवावे लागेल. गाडीत काय बदल करावेत हा प्रश्न त्यानंतरच विचारता येतो, आणि नव्याने या छंदात येणारी बहुतेक माणसे हा क्रम उलटा करतात, असे मला वर्षानुवर्षे दिसत आले आहे. ऑटोक्रॉसमध्ये एका वेळी एकच गाडी घड्याळाशी स्पर्धा करते. ट्रॅक-डे म्हणजे शिकवणी. तिथे क्रमांक लावले जात नाहीत. टाइम ट्रायलमध्ये ट्रॅकवर इतर गाड्या असल्या तरी निकाल प्रत्येकाच्या सर्वोत्तम फेरीवरून लागतो. आणि खरी शर्यत म्हणजे तीस-चाळीस गाड्या एकाच वेळी पहिल्या वळणावर शिरणे. अमेरिकेत हे सगळे प्रामुख्याने दोन संस्था घेतात : १९४४ साली स्थापन झालेली एससीसीए, म्हणजे स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, आणि १९९१ साली सुरू झालेली नासा, म्हणजे अर्थातच अवकाशसंस्था नव्हे, नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशन. दोघींची नियमपुस्तके जाडजूड असतात, दरवर्षी सुधारली जातात आणि संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. पाना हातात घेण्यापूर्वी ती वाचावीत, अशी माझी आपल्याला आग्रहाची विनंती आहे.

नियमपुस्तकाचे महत्त्व उदाहरणाने सांगतो. आपली मियाटा आज एससीसीएच्या ऑटोक्रॉसमध्ये ‘स्ट्रीट’ वर्गात बसते. तिथे शॉकअब्सॉर्बर बदलता येतात, पुढचा किंवा मागचा यांपैकी एक अँटी-रोल बार (वळणावर गाडीचे कलणे कमी करणारा दांडा) बदलता येतो, ब्रेक पॅड आपल्या पसंतीचे घालता येतात, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागचा सायलेन्सर बदलता येतो आणि रोल बारही चालतो; टायरचा ट्रेडवेअर आकडा (टायर किती टिकाऊ याचे माप) मात्र २०० किंवा त्याहून अधिक लागतो आणि चाकाची रुंदी मूळचीच ठेवावी लागते. स्प्रिंग बदलल्या की आपण या वर्गातून बाहेर पडतो आणि ‘स्ट्रीट टूरिंग’मध्ये जातो, जिथे इतरांनी स्प्रिंगच नव्हे तर बुश, चाके आणि बरेच काही बदललेले असते. टर्बो बसवला तर आणखी मोकळ्या वर्गात ढकलले जातो आणि तिथल्या गाड्यांवर लोकांनी दहा-दहा वर्षे काम केलेले असते. म्हणजे हजारो डॉलर खर्च करून आपण स्वतःची जागा अधिक अवघड करून घेतो. हौसेने घातलेली एक स्प्रिंग हा निर्णय आपल्या नकळत घेऊन टाकते.

टर्बोविषयी मला थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण त्याचा मोह मोठा असतो आणि मी तो समजू शकतो. आपल्या इंजिनाची मूळ शक्ती ११६ अश्वशक्ती आहे आणि सरळ रस्त्यावर मागून आलेली कोणतीही आधुनिक सेडान आपल्याला मागे टाकते, तेव्हा मन खट्टू होते. पण शक्ती वाढली की तिच्या मागे असलेली प्रत्येक वस्तू नव्याने तपासावी लागते. १.६ लिटरच्या मियाटातील डिफरन्शियलचे (इंजिनाची शक्ती मागच्या दोन चाकांना वाटून देणाऱ्या भागाचे) दातेरी चक्र लहान, सुमारे सहा इंचांचे आहे, १९९४पासून १.८ इंजिनाबरोबर सात इंचांचे आले, ते याच कारणाने टर्बोवाल्यांना हवे असते. कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, अडचण त्याहून खोल आहे. हे इंजिन माझदाच्या ३२३ या गाडीच्या घराण्यातले. तिथे ते आडवे बसत असे. मियाटात ते उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, बसवताना थर्मोस्टॅट आणि कूलंट बाहेर पडण्याची जागा पुढे आणली गेली, त्यामुळे मागच्या, म्हणजे चौथ्या सिलिंडरला पुढच्या सिलिंडरांच्या मानाने थंड कूलंट कमी मिळते. मूळ शक्तीवर ही उणीव इंजिन सोसते. टर्बो लावून उन्हाळ्यात वीस-वीस मिनिटे ट्रॅकवर फिरवायचे असेल तर मात्र कूलंटची वाट बदलून ते मागून बाहेर काढावे लागते. यात भर कॅलिफोर्नियाच्या कायद्याची. आपल्या राज्यात १९७६ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना धुराची चाचणी द्यावी लागते, आणि टर्बोच्या संचाला राज्याच्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक नसेल तर गाडी त्या चाचणीत उत्तम धूर सोडूनही नापास होते.

१.८चे इंजिन घालण्याची कल्पना यापेक्षा शहाणपणाची आहे, कारण ते त्याच घराण्यातले असून या गाडीत बसते. तरीही १९९४च्या इंजिनाची शक्ती १२८ अश्वशक्ती, म्हणजे आपल्याला मिळणार बारा. त्यासाठी इंजिन उतरवणे, त्या वर्षीची सगळी धूरनियंत्रण सामग्री सोबत आणणे आणि राज्याच्या रेफरीकडून तपासून घेणे, हे सारे करावे लागेल. आपले आताचे इंजिन थकले असेल तर हा पर्याय जरूर बघावा. केवळ वेगासाठी मी तो सुचवणार नाही.

मग बारा हजार डॉलर कुठे जावेत? सर्वांत आधी गाडीची खरी अवस्था कळून घेण्यात. १९९०च्या आणि १९९१च्या पूर्वार्धातील मियाटाच्या क्रँकशाफ्टचे पुढचे टोक आखूड होते. टायमिंग बेल्ट बदलताना तिथला बोल्ट योग्य ताकदीने आवळला गेला नाही, तर चावीची (पुलीला शाफ्टवर अडकवणाऱ्या खुंटीची) खाच हळूहळू रुंद होत जाते आणि शेवटी पुली डुगडुगू लागते. आपली गाडी नेमकी त्या सीमारेषेवरची आहे. ओळखण्याची खूण सोपी : क्रँकच्या पुलीवर चार खाचा दिसल्या तर टोक आखूड, आठ दिसल्या तर नंतरचे लांब टोक. आखूड निघाले तरी घाबरून जाण्याचे कारण नाही, पण तो बोल्ट यापुढे अनुभवी हातानेच उघडला आणि बसवला जावा. टायमिंग बेल्ट साठ हजार मैलांना बदलायचा असतो. आपल्या गाडीचा मागचा केव्हा बदलला याची पावती नसेल तर तो आताच बदलावा. रेडिएटरच्या वरची प्लॅस्टिकची टाकी पाहावी. नवी असताना ती काळी असते. तपकिरी झाली असेल तर ते प्लॅस्टिक ठिसूळ झाले आहे आणि ते फुटेल, आणि तेही ट्रॅकवर असतानाच फुटेल. पुढच्या चाकांच्या हबमधले बेअरिंग जॅकवर घेऊन हलवून बघावे, कारण या गाड्यांचे हब शर्यतीच्या वापरात झिजतात हे ट्रॅकवरचे जुने लोक जाणतात. तीस वर्षांच्या रबरी बुशांविषयी वेगळे सांगायला नको. एक चांगली गोष्ट आपल्या बाजूने आहे : १९९४पर्यंतच्या मियाटाचा ऑइल प्रेशरचा काटा खरा आहे, नंतरच्या गाड्यांत तो नुसता दाब आहे किंवा नाही एवढेच दाखवतो. आपला काटा वळणावर खाली येतो का, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी.

त्यानंतर ब्रेक. इथे मी आकडा देतो, कारण तो एकदा मनात बसला की माणूस ब्रेकला दुय्यम मानत नाही. चालकासह १,०५० किलोची गाडी ताशी १६० किलोमीटरवरून ८० वर आणताना सुमारे पावणेआठ लाख जूल ऊर्जा चार डिस्कमध्ये उष्णता होऊन उतरते. तेवढ्या उष्णतेने सव्वादोन लिटरहून अधिक पाणी वीस अंशांवरून उकळीला येईल. हे एका वळणासाठी. फेरीत अशी तीन-चार जड वळणे असतात आणि सत्रात दहा फेऱ्या. आपल्या गाडीच्या पुढच्या डिस्क २३५ मिलिमीटरच्या आहेत; १९९४पासून त्या २५५ मिलिमीटरच्या झाल्या. डिस्क लगेच बदलण्याची गरज नाही, पण रस्त्यावरचे पॅड आणि जुने ब्रेक ऑइल घेऊन ट्रॅकवर जाऊ नये. डॉट ४ प्रतीचे ताजे ब्रेक ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळते, पण ते हवेतले पाणी शोषते आणि पुरेसे पाणी शोषल्यावर तीच किमान मर्यादा १५५ वर येते. उकळलेल्या तेलाची वाफ पेडलखाली दबते, कॅलिपरपर्यंत दाब पोचत नाही. माझ्या पहिल्या गाडीला मी हेडर, एअर फिल्टर आणि कॅमशाफ्ट असे सगळे इंजिनाचे लाड केले होते आणि ब्रेक ऑइल तीन वर्षांचे जुने होते. तिसऱ्या फेरीत पेडल जमिनीला टेकले. वळणाबाहेर मोकळी मातीची जागा होती म्हणून मी आज हे लिहितो आहे. तेव्हापासून प्रत्येक ट्रॅक-डेच्या आधी मी ब्रेक ऑइल बदलतो, आणि आपणही तसेच करावे असे मला कळकळीने वाटते.

रोल बार मात्र आपल्याला हवाच, आणि तो केजपेक्षा वेगळा आहे : सीटच्या मागे उभी कमान, तिला मागे दोन आधार आणि मध्ये एक तिरका दांडा. ट्रॅक-डेचे बहुतेक आयोजक उघड्या गाडीला त्याशिवाय आत घेत नाहीत. तो बसवून कापडी छत उघडते-मिटते, आणि चालकाचे डोके व नळी यांत रस्त्यावरच्या वापराला पुरेसे अंतर राहते का, हे बसवताना नीट पाहून, तिथे कठीण स्पंज लावून घ्यावा. हेल्मेट स्नेलच्या ‘एसए’ प्रमाणपत्राचे घ्यावे. मोटरसायकलच्या हेल्मेटचे अस्तर आग रोखणारे नसते.

राहिलेल्या पैशांत चांगले शॉकअब्सॉर्बर आणि २०० ट्रेडवेअरच्या टायरचा एक संच येईल. चाकांच्या अलाइनमेंटवर खर्च कमी आणि फरक मोठा. मियाटाच्या चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन आहे आणि चारही ठिकाणी कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) व टो (चाकाचे तोंड आत-बाहेर वळलेले असणे) बदलण्याची सोय कारखान्यातूनच दिलेली आहे. १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात आलेल्या एका स्वस्त दोन-आसनी गाडीत इतकी सोय ठेवणाऱ्या अभियंत्यांविषयी मला आजही आदर वाटतो. पुढच्या चाकांना जमेल तितका उणे कॅम्बर द्यावा, टो शून्याजवळ ठेवावा आणि मग एक पूर्ण मोसम काहीही न बदलता गाडी चालवावी. शिल्लक रक्कम प्रवेशशुल्क, टायर आणि पॅड यांसाठी ठेवावी. नासाच्या शिकवणीत एक ते चार अशा पायऱ्या आहेत; पहिल्या पायरीवर प्रशिक्षक शेजारी बसतो. त्या शेजारच्या माणसाकडून मिळणारा वेग कोणत्याही टर्बोपेक्षा स्वस्त पडतो. विम्याची पॉलिसीही एकदा वाचावी, कारण ट्रॅकवरील नुकसान बहुतेक पॉलिसींतून वगळलेले असते.

आणि खरी शर्यत? तिच्यासाठी ‘स्पेक मियाटा’ नावाचा वर्ग आहे. १९९०पासूनच्या पहिल्या दोन पिढ्यांच्या गाड्या त्यात एकत्र धावतात. सस्पेन्शनचा संच आणि टायर सगळ्यांना ठरवून दिलेले, इंजिनावर कडक मर्यादा, चालकासह किमान वजन ठरलेले, काही गाड्यांना हवेच्या वाटेत निर्बंधक चकती. एससीसीएने त्याला २००६ साली राष्ट्रीय वर्गाचा दर्जा दिला. गाड्या जवळजवळ सारख्या असल्याने निकाल चालकाच्या हातात राहतो, आणि हौशी माणसासाठी मला यापेक्षा चांगली शाळा माहीत नाही. पण त्या गाडीला पूर्ण केज लागतो, आतले सगळे काढावे लागते, आणि मग ती ट्रेलरवरून न्यावी लागते. म्हणून माझे मत असे की आपली मियाटा त्यासाठी कापू नये. गंज नसलेली, मूळ रंगाची १९९१ची गाडी आता सहज मिळत नाही. शर्यतीसाठी तयार झालेली वापरलेली स्पेक मियाटा मात्र मिळते, आणि कुणीतरी आधीच केलेल्या कामाचा पूर्ण मोबदला विकताना क्वचितच वसूल होत असल्याने ती स्वतः बांधण्यापेक्षा जवळजवळ नेहमीच स्वस्त पडते. एक-दोन मोसमांनंतर, परवान्याचे प्रशिक्षण घेतल्यावर, आधी एखाद्या शनिवार-रविवारी अशी गाडी भाड्याने घेऊन शर्यत करून पाहावी आणि मग विकत घेण्याचा विचार करावा.

प्रश्न : माझी १९९९ची मियाटा असून रोल बार बसवलेला आहे. माझी उंची सहा फूट एक इंच. हेल्मेट घातल्यावर डोके बारच्या वर जाते म्हणून तपासणीत मला परत पाठवले. काय करावे? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : तपासनिसाने योग्य केले. रोल बारच्या माथ्यापासून विंडशील्डच्या वरच्या कडेपर्यंत सरळ काठी धरली असता हेल्मेट तिच्या खाली, साधारणपणे दोन इंच खाली, राहिले पाहिजे. गाडी उलटल्यावर जमीन त्याच रेषेवर येते. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे मूळ सीटच्या बैठकीतला फोम कमी करणे, त्याने इंच-दीड इंच मिळतो. ते पुरले नाही तर शर्यतीची एकसंध सीट थेट जमिनीलगतच्या पट्ट्यांवर बसवावी. मात्र अशा सीटबरोबर हार्नेस घेणार असाल तर खांद्याच्या पट्ट्या बारच्या आडव्या दांड्याला योग्य उंचीवर बांधल्या आहेत, जांघेतून येणारी पट्टी आहे आणि मानेचा आधार देणारे हँस उपकरण आपण वापरता, या तिन्ही गोष्टी एकत्र हव्यात. यांतली एक सुटली तर बाकीच्यांनीच इजा होऊ शकते. पाठ मागे झुकवून डोके खाली आणण्याचा मार्ग कृपया निवडू नये. त्याने काठीची परीक्षा पास होते, पण धडकेत शरीर पट्ट्यांखालून पुढे घसरते.

प्रश्न : पुण्यात माझ्याकडे वडिलांची जुनी मारुती एस्टीम आहे. वरील पद्धतीने तिला रस्त्यावर आणि ट्रॅकवर दोन्हीकडे वापरता येईल का? (एक वाचिका, पुणे)

उत्तर : एस्टीम भारतातल्या सलून शर्यतींत बरीच वर्षे धावली आहे, त्यामुळे आपली निवड चुकीची नाही. पण इथला कायदा वेगळा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाहीत, असा बदल मालकाला करता येत नाही. इंजिन बदलणे किंवा गाडीच्या सांगाड्यात फेरफार करणे त्यात सरळ अडकते. पॅड, ब्रेक ऑइल, नवे बुश, मूळ मापाचे चांगले टायर आणि अलाइनमेंट एवढे करून गाडी ठणठणीत ठेवावी आणि शिकण्यासाठी गो-कार्टिंगपासून सुरुवात करावी. शर्यतीचा परवाना एफएमएससीआय ही राष्ट्रीय संस्था देते. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आणि कोइंबतूरचा कारी मोटर स्पीडवे येथे प्रशिक्षणाचे वर्ग होतात, आणि तिथे शाळेचीच गाडी चालवायला मिळते. वडिलांची एस्टीम घेऊन पुण्याहून हजार किलोमीटर जाऊन ती तिथे रगडण्यापेक्षा पहिले दोन वर्ग त्या गाडीवर करावेत, आणि परत आल्यावर आपली गाडी कशी वळते ते कात्रजच्या घाटात नव्हे, एखाद्या क्लबने बंद मैदानावर ठेवलेल्या ऑटोक्रॉसमध्ये पाहावे.